चार दिवसांच्या पाण्यावर धुणं: सोलापुरातल्या घरांसाठी

सोलापुरात धुणं काढायचा दिवस वारावर ठरत नाही, नळाच्या पाळीवर ठरतो. पाणी येतं त्या दिवशी आधी पिण्याचं भरून ठेवायचं, मग स्वयंपाकाचं, मग पिंपं आणि टाकी. त्यातून जे उरेल ते धुण्याला. त्यात कोणाकडे बोअर, कोणाकडे टँकर, आणि बोअरचं पाणी असं की साबण घासून हात दुखले तरी फेस उभा राहत नाही. अशा घरात चौघांचे कपडे हाताने, कमी पाण्यात आणि नीट स्वच्छ कसे निघतील, ते इथे मापांसकट दिलं आहे. नुसती बादल्यांची संख्या कमी करून हे साधत नाही. पाणी कोणत्या क्रमाने वापरायचं आणि प्रत्येक पाण्याआधी कपडा किती घट्ट पिळायचा, सगळं यावर आहे.

आधी पाणी ओळखा

शहराला नळाने येणारं पाणी मुख्यतः उजनी धरणाचं. काही भाग हिप्परग्याच्या तलावावर, काही भीमेतून औज बंधाऱ्यामार्फत टाकळीहून येणाऱ्या पाण्यावर. बोअरचं पाणी काळ्या खडकातून झिरपून आलेलं असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. यालाच आपण जड पाणी म्हणतो. टँकर आला तर पाणी कुठून भरलं ते विचारा, कारण बरेचदा तेही बोअरचंच असतं.

पाणी किती जड आहे हे घरीच कळतं. एक लिटरच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत बोअरचं तेवढंच. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस टाका, तो विरघळू द्या आणि झाकण लावून वीस वेळा जोरात हलवा. ज्या बाटलीत फेस बोटभर उभा राहतो आणि खालचं पाणी जवळजवळ नितळ असतं, ते पाणी मऊ. जिथे फेस लगेच बसतो आणि पाणी दुधासारखं होऊन त्यात पांढरट कण तरंगतात, ते जड. यासाठी कपड्याची वडी वापरू नका. आजकालच्या बहुतेक वड्या डिटर्जंटच्या असतात आणि त्या जड पाण्यातही थोडा फेस देतात, त्यामुळे फरक नीट दिसत नाही.

ते पांढरट कण म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा साका. बादलीच्या कडेला जमणारा चिकट थर हाच, आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो तोही बराचसा याच्यामुळे. डिटर्जंट पावडरीचा साका कमी होतो, पण पावडरीचा काही भाग क्षारांशी झुंजण्यातच खर्च होतो. पावडर वाढवली की फेस येतो, पण ती वाढवलेली पावडर काढायला आणखी दोन बादल्या लागतात. पाण्याची खरी नासाडी इथे होते.

उपाय स्वस्त आहे: धुण्याचा सोडा. किराणा दुकानात पुडीत मिळतो. खायचा सोडा वेगळा, तो इथे कामाचा नाही. बोअरच्या १० लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. बाटलीत फार साका दिसला असेल तर दोन चमचे. सोडा आधी तांब्याभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग बादलीत ओता, ढवळा आणि १५ मिनिटं तसंच ठेवा. क्षार चुनखडीच्या रूपात बाहेर पडतात, पाणी किंचित गढूळ होतं आणि थोडा गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. पावडर त्यानंतरच टाकायची. पावडर आणि सोडा एकदम टाकले तर सोड्याला काम करायला वेळच मिळत नाही, आणि क्षार आधी पावडर खातात.

सोड्याने हात कोरडे पडतात, भेगा असतील तर झोंबतात. रबरी हातमोजे घाला. रेशीम आणि लोकर यांना सोडा अजिबात लावायचा नाही. दोन्ही प्राण्यांपासून येणारे धागे आहेत, सोड्याने ते खरबरीत आणि कमजोर होतात. रेशमी काठपदराच्या इरकलीलाही हाच नियम.

दोन प्रकारचं पाणी असेल तर वाटणी अशी करा: भिजवायला आणि घासायला सोडा घातलेलं बोअरचं पाणी, पहिल्यांदा विसळायलाही बोअरचं चालेल, शेवटचं पाणी मात्र नळाचं. कपड्यात शेवटी जे पाणी उरतं त्यातले क्षार वाळल्यावर कपड्यातच राहतात, म्हणून मऊ पाणी शेवटाला राखायचं. जुन्या पद्धतीच्या खऱ्या साबणाच्या वडीने धूत असाल तर पहिलं विसळणंही नळाच्याच पाण्यात करा. साबणाचा कपडा थेट जड पाण्यात घातला की साका धाग्यांतच बसतो. पावसाळ्यात पत्र्यावरून किंवा गच्चीवरून मिळणारं पाणी सगळ्यांत मऊ. पहिल्या एकदोन सरींनी धूळ धुऊन जाऊ द्या, मग पिंप लावा.

पाणी भरून ठेवायचंच आहे तर पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड बांधा, आणि आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासून कोरडं करा. डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, घासावंच लागतं.

तीन टब, ५५ लिटर, साडेचार किलो कपडे

लागणारं सामान: एक मोठा टब (साबणाचा, २० लिटरच्या पुढचा), दोन बादल्या किंवा टब प्रत्येकी किमान १५ लिटरच्या, एक तांब्या, मऊ नायलॉनचा ब्रश, मोजायचा एक ठरलेला चमचा. बादलीत आतून १० लिटरची खूण करून घ्या. एक लिटरची बाटली दहा वेळा ओतून तेलरंगाने रेघ मारली की झालं. अंदाजाने दहाचे पंधरा होतात आणि ते लक्षातही येत नाही.

कपड्यांचे तीन वाटे करा, प्रत्येक साधारण दीड किलोचा. पहिला: पांढरे आणि फिके, शर्ट, ओढण्या, उशांचे अभ्रे. दुसरा: रंगीत रोजचे. तिसरा: गडद, जीन्स, कामाचे कपडे, पायपुसणी सगळ्यांत शेवटी. खिसे उलटे करा. झिप लावा. काळ्या मातीने माखलेले कपडे ओले करायच्या आधी पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने माती झटकून टाका. काळी माती ओली झाली की चिकण होऊन धाग्यांत शिरते, मग पाणी दुप्पट लागतं.

साबणाच्या टबात १५ लिटर पाणी. बोअरचं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे सोडा घालून निवळलेलं. त्यात पावडर दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. पावडर आधी हाताने पूर्ण विरघळवायची, कपडे नंतर. न विरघळलेले कण गडद कपड्यावर पांढरे ठिपके सोडतात. पहिला वाटा २० ते ३० मिनिटं भिजवा. त्याहून जास्त नको. तासभर गेला की सुटलेला मळ परत कापडावर बसायला लागतो, रंग एकमेकांना लागतात, आणि उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेल्या कपड्यांना सकाळी आंबूस वास येतो. तो वास मग दोन धुण्यांतही जात नाही.

भिजल्यावर कपडे चुबका: दोन्ही हातांनी दाबायचे, सोडायचे, उलटायचे. पाणी कापडातून आरपार गेलं पाहिजे. कपड्यांचा गोळा करून चाळीस पन्नास वेळा दाबलं की अंगावरचा साधारण मळ निघतो. दगडावर आपटण्याने काय होतं? हेच, पाणी जोरात आरपार जातं. पण त्यात गुंड्या फुटतात, शिवणी उसवतात आणि सुती धागा तुटतो. जाड सुती कापडाला धोपटणं चालतं, तेही घडी घालून, गुंड्या आत ठेवून. पातळ कापडाला आणि होजियरीला नाही.

वडी फक्त मळाच्या जागी लावा: कॉलर, बाह्यांची टोकं, काखा, पायजम्याचा घोळ, सलवारीचा तळ. सगळा शर्ट वडीने माखायची गरज नसते. मळ या पाच जागी असतो आणि साबण लागला की तो काढायला पाणी लागतंच. कॉलर सपाट दगडावर किंवा पाटीवर पसरून ब्रश एकाच दिशेने, आठ दहा वेळा. पुढेमागे घासल्याने कॉलरच्या कडा फाटतात.

आता पिळणं. इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं पाणी फुकट जातं. हिशोब बघा. दीड किलो कपडे नीट पिळल्यावर त्यांच्यात साधारण दोन लिटर साबणाचं पाणी राहतं. ते दहा लिटर स्वच्छ पाण्यात घातले की साबण बारा लिटरभर पसरतो. परत पिळून दोन लिटर ठेवलं तर साबणाचा सहावा हिस्सा उरला. दुसऱ्यांदा दहा लिटरमध्ये काढलं की त्याचाही सहावा, म्हणजे छत्तिसावा. हेच वीस लिटर पाणी एकाच टबात घेऊन एकदाच विसळलं असतं तर अकरावा हिस्सा उरला असता. पाणी तेवढंच, साबण तिपटीहून जास्त. आणि कपडे न पिळता नुसते निथळून टाकले, म्हणजे दोनऐवजी चार लिटर साबणपाणी घेऊन गेले, तर दोन विसळण्यांनंतरही साधारण बारावा हिस्सा उरतो. तिसरी बादली मग याच उरलेल्या साबणासाठी लागते. घट्ट पिळण्याने एक अख्खी बादली वाचते.

पिळताना कपडा लांबीत दुमडून दोन्ही टोकांनी विरुद्ध बाजूंना पिळा. लांब कपडा, साडी, लुंगी दोघांनी मिळून. नळाच्या तोटीला कपडा अडकवून पिळू नका, तोटी ढिली होते आणि गळायला लागते. त्या गळतीत वाचवलेलं सगळं पाणी जातं. गॅलरीचा भक्कम कठडा चालतो. इलॅस्टिक, बनियन, टीशर्ट हे पिळायचे नाहीत, दोन्ही तळव्यांत दाबायचे.

पाण्याचा क्रम असा. पहिला वाटा साबणातून काढून पिळून बादली 'एक'मध्ये (१० लिटर), पिळून बादली 'दोन'मध्ये (१० लिटर), पिळून दोरीवर. आतापर्यंत ३५ लिटर. आता बादली 'एक'मधलं पाणी टाकून देऊ नका. साबणाच्या टबात पाणी कमी झालं असेल, ते यातून भरून घ्या, त्यात पावडर एक चमचा आणि दुसरा वाटा भिजायला टाका. उरलेलं वेगळ्या बादलीत. बादली 'दोन'मधलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते आता 'एक' झालं. नवं पाणी फक्त दहा लिटर, ती नवी 'दोन'. तिसऱ्या वाट्याला पुन्हा तसंच. एकूण ५५ लिटर. प्रत्येक वाट्याला दोन्ही बादल्या नव्या घेतल्या असत्या तर ७५ लागले असते. नळ चालू ठेवून विसळण्याची सवय असेल तर एकदा घड्याळ लावून १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. दीड मिनिटात भरत असेल तर दहा मिनिटांच्या वाहत्या नळाखाली १०० लिटर गेले.

शेवटच्या पाण्यात हात घालून बघा. बोटं बुळबुळीत लागली किंवा पाण्यावर फेस टिकून राहिला तर पुढच्या वेळी पावडर अर्धा चमचा कमी करा. पाणी वाढवू नका. लहान मुलांचे कपडे आणि ज्यांना घामोळं, खाज यांचा त्रास आहे त्यांचे कपडे पहिल्या वाट्यात घ्या, म्हणजे त्यांना नेहमी ताजं पाणी मिळतं. आजारी माणसाचे कपडे मात्र वेगळे, त्यांचं पाणी दुसऱ्या वाट्याला वापरायचं नाही.

सोलापुरी चादर

चादर धुणं हे वेगळं काम आहे, रोजच्या धुण्याच्या दिवशी ती मध्ये घुसवू नका. पाणी आलं त्याच दिवशी, सकाळी, एका वेळी एकच चादर. जकार्ड मागावरची ही चादर जाड सुताची, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली असते. एक किलोची चादर पाणी प्यायली की तीन किलोच्या पुढे जाते. म्हणून हाताने चुबकून ती निघत नाही, आणि एकट्याने पिळूनही निघत नाही.

आधी कोरडी चादर गच्चीवर झटका, तासभर उन्हात टाका, परत झटका. निम्मी धूळ इथेच जाते. नवी चादर असेल तर तिच्या एका कोपऱ्याला ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग लागला तर पहिली दोन तीन धुणी थंड पाण्यात, एकटी, भिजवणं दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं अनेक घरांत मानतात. मीठ काही रंगांना त्या पाण्यात सुटू देत नाही इतकंच, पुढच्या साध्या पाण्यात तो रंग सुटायचा तो सुटतोच. रंग पक्का होतो तो रंगाईच्या वेळी. न बसलेला जादा रंग आपण फक्त काढून टाकू शकतो. गरम पाण्यात तो जास्त सुटतो, म्हणून थंड पाणी.

मोठ्या टबात २५ लिटर पाणी, पावडर तीन सपाट मोठे चमचे. चादर लांबीत चार पदरी दुमडून आत घाला, नुसती कोंबू नका. वीस मिनिटं भिजू द्या. मग पाय स्वच्छ धुऊन टबात उभं राहून तुडवा. टब भिंतीला टेकवा, खाली गोणपाट घाला, आणि भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला एक हात धरून ठेवा. साबणाच्या पाण्यात मोरीतली फरशी फार निसरडी होते, वयस्कर माणसांनी हे काम करू नये. पाच मिनिटं तुडवा, चादर उलटून घडी बदला, परत पाच मिनिटं. घडी बदलली नाही तर मधले पदर मळकेच राहतात आणि ते वाळल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात.

पाणी काढताना चादर टबावर आडव्या ठेवलेल्या काठीवर किंवा पालथ्या स्टुलावर टाका आणि वीस मिनिटं निथळू द्या. तिच्या स्वतःच्या वजनाने बरंच पाणी उतरतं. निथळलेलं पाणी टबातच पडू द्या. मग दोघांनी दोन टोकं धरून पिळा, पण दोरखंडासारखा करकचून पीळ नको. एक पीळ, थोडं थांबणं, दुसरा पीळ. फार पिळल्याने नक्षीचे धागे सरकतात आणि चादर वाकडी होते. विसळायला दोनदा वीस वीस लिटर, त्याच पद्धतीने. पहिल्या विसळण्याचं पाणी पुढच्या चादरीच्या साबणासाठी ठेवता येतं, जर दोन्ही चादरींचे रंग जुळत असतील तर.

वाळत घालताना एका दोरीवर मधोमध लटकवली तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि आतून ओलसर राहते. दोन दोऱ्या हातभर अंतराने बांधा आणि चादर दोन्हींवरून टाका, मध्ये वारा खेळतो. दोरी नायलॉनची असावी. लोखंडी तारेचा गंज ओल्या सुताला लागला की तो डाग धुण्याच्या साबणाने निघत नाही.

टेरी टॉवेल

सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि धुण्यात सगळ्यांत जास्त तोच बिघडतो. नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, कारण त्यावर विणकामानंतरचं फिनिशिंग असतं. दोन तीन वेळा धुतल्यावर तो कामाला लागतो. टॉवेलला ब्रश लावायचा नाही, आपटायचा नाही, फासे (टॉवेलवर उभी असलेली धाग्याची बारीक वेटोळी) ओढले जातात. एखादा फासा बाहेर आला तर कात्रीने कापा, ओढलात तर शेजारची सगळी ओळ उसवते.

मऊपणासाठी मिळणारं सुगंधी द्रव टॉवेलला घालू नका. ते धाग्यावर पातळ तुकतुकीत थर देतं, टॉवेल हाताला मऊ लागतो पण अंग पुसायला निरुपयोगी होतो. बोअरच्या पाण्याने कडक झालेला टॉवेल मऊ करायला लिंबूसत्व वापरा: ५ लिटर पाण्यात एक चहाचा चमचा, टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवा, मग साध्या नळाच्या पाण्यातून काढा. आत बसलेली चुनखडी विरघळते. हे महिन्यातून एकदा पुरे. लिंबूसत्व आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत हा धोका फार मोठा आहे.

वाळत घालण्याआधी टॉवेल जोरात चार वेळा झटका, आणि अर्धवट वाळल्यावर परत एकदा. फासे उभे राहतात. कोंडलेल्या जागेत न हलता वाळलेला टॉवेल चांगल्या पाण्यातही कडकच होतो.

इथले डाग

शेंगा चटणीचा तेलकट डाग: पाणी लावू नका. आधी कोरडं पीठ किंवा खडूची पूड दाबून दहा मिनिटं ठेवा आणि झटका. मग भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब कोरड्या डागावरच चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, त्यानंतर कोमट पाणी. पाणी आधी लागलं की साबण तेलापर्यंत नीट पोहोचत नाही. तेल निघाल्यावर मिरचीची लालसर छटा उरली तर कपडा उन्हात वाळवा, दोन तीन दिवसांच्या उन्हात ती फिकी पडते.

हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, घाबरू नका. साबणातल्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो, विसळल्यावर परत पिवळा होतो. हळद साबणापेक्षा उन्हाला जास्त हरते. ओलाच कपडा डाग वर करून कडक उन्हात घाला.

डाळिंबाचा रस लागला तर उशीर नको. लगेच थंड पाण्याने मागच्या बाजूने धुवा, लिंबू चोळा, मग डिटर्जंट. साबणाची वडी आधी घासली तर डाग काळपट होऊन पक्का बसतो. रक्ताला फक्त थंड पाणी, गरम पाण्याने ते शिजल्यासारखं धाग्यात घट्ट होतं.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांना लागलेलं ऑइल रोजच्या टबात येऊ देऊ नका, त्याने सगळा वाटा मळतो. ते कपडे वेगळ्या बादलीत, तेलाच्या जागी भांड्यांचा साबण कोरडाच चोळून अर्धा तास, मग कोमट पाण्यात पावडर आणि सोडा. उन्हाळ्यात कोमट पाण्यासाठी गॅस जाळायची गरज नाही. दुपारी काळ्या बादलीत झाकून ठेवलेलं पाणी पुरेसं तापतं.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाच्या मानकऱ्यांची आणि भाविकांची पांढरी बाराबंदी असते. ती यात्रेनंतर तशीच गाठोड्यात बांधून ठेवली तर वर्षभराने पिवळी निघते, कारण घाम आणि तेल हळूहळू काळं पिवळं होत जातं. त्याच आठवड्यात धुवा. शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची तर १० लिटरला तीन चार थेंब, आधी तांब्याभर पाण्यात पूर्ण मिसळून. कपडा बादलीत असताना वरून नीळ टाकली की निळे चट्टे पडतात. कपड्यात साबण उरला असेल तरी चट्टे पडतात. ठेवणीतल्या कपड्याला खळ देऊ नका, खळीवर कसर लागते. खळ पुढच्या वर्षी घालायच्या आदल्या दिवशी.

पांढऱ्या कपड्यांना ब्लीच देताना बोअरच्या पाण्यात लोह आहे का ते बघा. नळाखाली मोरीत तांबूस डाग पडत असतील तर आहे. अशा पाण्यात ब्लीचने कपडा पांढरा व्हायच्या ऐवजी पिवळे तांबडे ठिपके येतात. तिथे ब्लीच फक्त नळाच्या पाण्यात.

वाळवणं

एप्रिल, मे महिन्यांत इथली हवा इतकी कोरडी असते की पातळ सुती कपडा तासाभरात वाळतो. तो वाळल्यावरही दिवसभर उन्हात ठेवणं हे कापड विरण्याचं मोठं कारण आहे. रंगीत कपडे उलटे करून सावलीत घाला, वाऱ्यानेच वाळतात. पांढरे तेवढे उन्हात. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वावटळ आणि धूळ येते, म्हणून दोरी दुपारच्या आत रिकामी करा. धुळीने परत मळलेला ओला कपडा म्हणजे ५५ लिटर वाया.

जुलै ते सप्टेंबर उलट. ढगाळ हवेत जाड कपडा दुसऱ्या दिवशीही ओलसर राहिला की त्याला कुबट वास लागतो. त्या महिन्यांत वाटे लहान करा, कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा, आणि पंख्याखाली रात्रभर टांगा. वास लागलाच तर पावडर वाढवून उपयोग नाही. सुती कपडा पाच लिटर कोमट पाण्यात एक चमचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, पिळा, मग नेहमीसारखा धुवा आणि त्याच दिवशी वाळेल अशा दिवशीच हे करा.

उरलेल्या पाण्याचं: साबणाचं पाणी संडासात ओतायला आणि मोरी, जिना धुवायला ठेवा. झाडांना ते नको, आणि सोडा घातलेलं तर मुळीच नको. त्यातल्या सोडियमने काळी माती चिकटून घट्ट होते, पाणी मुळांपर्यंत जात नाही. शेवटच्या बादलीतलं पाणी अंगणातल्या मोठ्या झाडाला अधूनमधून चालतं, कुंडीतल्या तुळशीला नाही.